गिरक्या खात पडणारं विमान सावरतं कसं?

९ ऑगस्ट २०२४ रोजी ब्राझीलमधल्या विन्येदो शहरात लोकांनी मोबाईलवर टिपलेला व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. एटीआर ७२ जातीचं प्रवासी विमान, पोट जमिनीकडे, जवळजवळ आडवं, आणि वाळक्या पानासारखं स्वतःभोवती फिरत सरळ खाली येतंय. पुढे सरकणं जवळपास नाहीच. त्यातले ६२ जण गेले. विमान बर्फ धरणाऱ्या हवेतून चाललं होतं, हे प्राथमिक तपासातच समोर आलं.

तो व्हिडिओ पाहून अनेकांनी मला एकच गोष्ट विचारली. पंख जागेवर दिसतात, शेपूट जागेवर दिसतं, मग विमान दगडासारखं का पडतंय? आणि आत बसलेल्या पायलटना ते सावरता येत नाही का?

त्या एका अपघाताचं खापर कोणावर फोडायला मी बसलेलो नाही. पण विमान गिरक्यांत का सापडतं आणि त्यातून बाहेर कसं येतं, हे विमानात कधीही बसणाऱ्या माणसाला कळायला हवं असं मला मनापासून वाटतं. त्यामागची गोष्ट समजायला अवघडही नाही. अवघड आहे ती हातांना शिकवायला.

आधी पंख समजून घेऊ

धावत्या गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढायचा खेळ लहानपणी बहुतेकांनी केलेला असतो. तळवा आडवा धरला की हात हवा कापत जातो. पुढची कड जराशी वर केली की हात आपोआप वर उचलला जातो. आणखी थोडी वर केली तर आणखी जोरात. पण एका मर्यादेनंतर गंमत संपते. वर उचलणारा जोर नाहीसा होतो आणि वारा हात नुसता मागे ढकलत राहतो.

पंखाचं अगदी हेच. समोरून येणारी हवा आणि पंख यांच्यामध्ये जो कोन होतो त्याला 'अँगल ऑफ अटॅक' म्हणतात. पुढे मी त्याला नुसतं 'कोन' म्हणेन. कोन वाढला की पंखाची उचल वाढते, पण हे छोट्या विमानांत साधारण १५ ते १८ अंशांपर्यंतच चालतं. तोवर हवा पंखाच्या पाठीला चिकटून वाहत असते. त्यापुढे ती पाठ सोडते, तिच्यात भोवरे उठतात, उचल ढासळते आणि मागे ओढणारा रोध वाढतो. याचं नाव स्टॉल.

गाडी स्टॉल झाली म्हणजे इंजिन बंद पडलं, असं आपण म्हणतो. विमानाच्या स्टॉलचा इंजिनाशी संबंध नाही. इंजिन पूर्ण जोरात चालू असतानाही पंख स्टॉल होतो.

दुसरा गैरसमज जास्त घातक आहे. नाक वर असेल तरच स्टॉल होतो, असं अनेकांना वाटतं. पण हा कोन क्षितिजापासून मोजायचा नाही, अंगावर येणाऱ्या हवेपासून मोजायचा. विमान सरळ खाली पडत असेल तर हवा त्याला खालून भिडते. मग नाक अगदी आडवं असलं तरी कोन ४० अंशांच्याही पुढे असू शकतो. त्या व्हिडिओतलं विमान आडवं दिसतं आणि तरीही उडत नाही, त्याचं उत्तर इथे आहे.

वेगाचंही असंच. 'इतक्या वेगाखाली विमान स्टॉल होतं' असा आकडा प्रत्येक विमानाला असतो, पण तो सरळ, समतल उडताना. ६० अंश कलून वळण घेताना उंची टिकवायची तर पंखाला विमानाच्या दुप्पट वजन पेलावं लागतं आणि स्टॉलचा वेग सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. सरळ उडताना ५० नॉटला (नॉट हे विमानाचा वेग मोजायचं एकक) स्टॉल होणारं विमान अशा वळणात ७० नॉटलाच स्टॉल होईल. पंखावर बर्फ साचला तर त्याचा आकारच बिघडतो आणि मर्यादेचा कोन खाली येतो. वेगाचा काटा समाधानकारक आकडा दाखवत असताना हवा पंख सोडून गेलेली असते.

एक पंख दुसऱ्यापेक्षा जास्त हरतो

नुसता स्टॉल झाला तर विमान नाक टाकतं आणि थोडी उंची गमावून पुन्हा उडायला लागतं. विमानं मुद्दाम तशीच बनवलेली असतात. गिरकी, म्हणजे स्पिन, सुरू व्हायला आणखी एक गोष्ट लागते. स्टॉलच्या क्षणी नाक डावीकडे किंवा उजवीकडे फिरत असायला हवं.

समजा नाक डावीकडे फिरतंय. उजवा पंख पुढे जातो, डावा मागे राहतो. डाव्याची उचल आधी जाते आणि तो खाली झुकतो. खाली जाणाऱ्या पंखाला हवा आणखी खालून येते, म्हणजे त्याचा कोन आणखी वाढतो आणि तो आणखी खोल स्टॉलमध्ये जातो. त्याचा रोधही वाढतो, म्हणून तो नाकाला अजून डावीकडे ओढतो. वर जाणाऱ्या उजव्या पंखाचा कोन मात्र घटतो, त्यामुळे त्याच्याकडे थोडी उचल शिल्लक राहते. होडीत एका बाजूचं वल्हं शेवाळात अडकावं आणि दुसरं चालू राहावं, तसं विमान गोल फिरतं. फिरण्यामुळेच फिरणं टिकून राहतं. बाहेरून कोणी काही बदललं नाही तर हे चक्र आपणहून थांबेलच असं नाही.

स्पिनमध्ये वेग वाढत नाही, हे बहुतेकांना खरं वाटत नाही. विमान इतक्या जोरात खाली येत असतानाही वेगाचा काटा कमी आकड्यावर घुटमळत असतो, कारण पंख हवा कापत नाही, हवेत रुतलेला असतो. स्पिनसाठी मान्यता असलेल्या छोट्या प्रशिक्षण विमानात एका फेरीला साधारण तीन सेकंद लागतात आणि प्रत्येक फेरीत सुमारे ५०० फूट उंची जाते. ३,००० फूट हाताशी असतील तर हिशेब फक्त सहा फेऱ्यांचा, अठरा सेकंदांचा.

यातलाच वाईट प्रकार म्हणजे फ्लॅट स्पिन. विमानाचं वजन प्रमाणापेक्षा मागे गेलेलं असेल तर नाक खाली पडत नाही, विमान आडवं होऊन भोवऱ्यासारखं फिरतं. तेव्हा शेपटावरच्या रडरपर्यंत, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या उभ्या पात्यापर्यंत, धड हवाच पोहोचत नाही आणि पायलटच्या पायाखालचं पेडल जणू तुटलेलं असतं. छोट्या विमानात सामान कुठे किती ठेवायचं यावर प्रशिक्षक इतका काथ्याकूट का करतात, ते यावरून लक्षात येईल.

१९१२ ची ती काही सेकंदं

सुरुवातीच्या वैमानिकांना हे काहीच ठाऊक नव्हतं. राइट बंधूंचा १९०२ चा ग्लायडर वळताना मधूनच एका बाजूला घसरायचा आणि खालच्या पंखाभोवती फिरत वाळूत रुतायचा. त्यांनी त्याला 'विहीर खणणं' असं नाव दिलं होतं. मागचं उभं पातं हलतं केल्यावर तो त्रास आटोक्यात आला. पण पुढची दहा वर्षं, इंजिनवाली विमानं उंच जायला लागल्यावर, स्पिनमध्ये सापडणं म्हणजे मरणच अशी समजूत होती.

२५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमध्ये सॅलिसबरीच्या माळावर लष्करी चाचण्या चालू होत्या. नौदलाचे लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क एक बंद केबिनचं अ‍ॅव्हरो विमान घेऊन तीन तासांचं उड्डाण संपवून उतरत होते. सोबत एक निरीक्षक होता. सुमारे ७०० फुटांवर, घिरट्या घेत उतरताना विमान स्पिनमध्ये गेलं. खाली बघणारे लोक श्वास रोखून उभे.

पार्क यांनी तेच केलं जे त्या काळी शहाणपणाचं समजलं जायचं. इंजिन पूर्ण जोरात सोडलं. नाक वर यावं म्हणून विमान चालवायचा हातातला दांडा मागे ओढला. रडर गिरकीच्याच दिशेने दाबलं. काही उपयोग झाला नाही. फेकले जाऊ नये म्हणून एका हाताने केबिनचा खांब धरून ठेवलेला. जमीन जेमतेम पन्नास फुटांवर आली तेव्हा त्यांनी रडर उलट्या बाजूला पूर्ण दाबलं. गिरकी थांबली, विमान सरळ झालं आणि ते उतरले.

लोकांनी डोळ्यांनी पाहिलेली आणि पायलटने स्वतः तपशिलात सांगितलेली ही पहिली मोठी सुटका. ती 'पार्क्स डाइव्ह' म्हणून ओळखली जाते. जे करावंसं वाटत होतं त्याने काहीच झालं नाही आणि जे उलटं वाटत होतं त्याने जीव वाचला, ही बातमी त्या तळावरून सगळीकडे गेली. त्याच वर्षी डिसेंबरात पार्क दुसऱ्या एका विमानाच्या अपघातात गेले. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रेडरिक लिंडमन या भौतिकशास्त्रज्ञाने स्वतः उडायला शिकून, मुद्दाम स्पिनमध्ये जाऊन, मापं घेतली. तेव्हा या उपायामागचं गणित उलगडलं.

चार कृती, त्याच क्रमाने

आज प्रशिक्षणात जे शिकवतात ते थोडक्यात असं. प्रत्येक विमानाच्या पुस्तिकेत त्याची स्वतःची पद्धत दिलेली असते आणि तीच अंतिम मानायची, पण बहुतेक छोट्या विमानांत क्रम सारखाच असतो.

तुम्ही डाव्या सीटवर बसला आहात. उंची भरपूर आहे, शेजारी प्रशिक्षक आहे. इंजिन मंदावलं, दांडा हळूहळू मागे ओढला, स्टॉलची सूचना वाजायला लागली आणि विमान थरथरताच डावं पेडल पूर्ण दाबलं. डावा पंख पायाखालचा पाट काढून घ्यावा तसा निसटतो. समोरच्या काचेत आकाश होतं, तिथे आता फक्त जमीन आहे, आणि ती जमीन फिरतेय. शेतांचे चौकोन, रस्ता, पुन्हा तेच शेत, पुन्हा तोच रस्ता. शरीर एका बाजूला ओढलं जातंय.

पहिलं काम, थ्रॉटल मागे. इंजिनाचा जोर बहुतेक वेळा नाक वर धरून स्पिन सपाट करायला मदत करतो, म्हणून तो नको.

दुसरं, एलरॉन मध्यावर. एलरॉन म्हणजे पंखांच्या टोकांकडची हलणारी पाती, ज्यांनी विमान कलतं. डावा पंख पडलाय म्हणून दांडा उजवीकडे न्यायचा मोह अनावर असतो. पण तसं केलं की डाव्या पंखाचं पातं खाली जातं आणि त्या टोकाचा कोन आणखी वाढतो. आधीच गाळात रुतलेल्या पंखावर आपण आणखी एक पाय देतो.

तिसरं, रडर उलट्या बाजूला, पूर्ण. गिरकी डावीकडे असेल तर उजवं पेडल थेट तळापर्यंत. आता गिरकी कुठल्या बाजूला आहे ते ओळखायचं कसं? डोके गरगरत असताना डोळ्यांवर विसंबू नये. वळण दाखवणारं उपकरण ज्या बाजूला झुकलंय, ती गिरकीची बाजू.

चौथं, दांडा पुढे. कोन मोडायचा म्हणजे पंखाला पुन्हा हवा पकडू द्यायची.

यानंतर एक-दोन सेकंद काहीच होत नाही. विमान फिरतच राहतं, कधीकधी आधी थोडं जोरातच फिरतं. इथे नवखा माणूस घाबरून सगळं सोडतो आणि दुसरं काहीतरी करून बघतो. तसं करायचं नाही, धरून ठेवायचं. मग एकाएकी जमीन फिरायची थांबते. त्याच क्षणी रडर मध्यावर आणायचं, नाहीतर विमान उलट्या दिशेने स्पिनमध्ये जाईल. आता विमान नुसतं सूर मारतंय, वेग वाढतोय, म्हणजे पंख जिवंत आहेत. हळुवारपणे, ओरबाडून नाही, नाक वर घ्यायचं.

नाक आधीच खाली आहे, ते आणखी खाली का?

हा सगळ्यात स्वाभाविक आक्षेप, आणि माझ्या मते या साऱ्या विषयाचं मर्म त्यातच आहे.

ओल्या रस्त्यावर ब्रेक जोरात दाबल्यावर चाकं अडकतात आणि गाडी घसरत जाते. त्यातून सुटायचं तर दाबलेला ब्रेक क्षणभर सोडावा लागतो, म्हणजे चाक फिरतं आणि रस्त्याला धरतं. समोर भिंत दिसत असताना ब्रेकवरून पाय उचलायला मन तयार होत नाही. स्टॉलमधल्या विमानाचं तेच होतं. दांडा मागे ओढलेला असतो आणि पंख हवेवर घसरत असतो. जमीन जवळ येताना दिसते म्हणून हात आणखी मागे ओढतात, आणि त्या ओढण्यानेच पंख स्टॉलमध्ये राहतो.

१ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं उड्डाण अटलांटिकवर होतं. ३५,००० फुटांवर वेग मोजणाऱ्या नळ्यांमध्ये बर्फाचे कण अडकले, वेगाचे आकडे बिनभरवशाचे झाले आणि ऑटोपायलट सुटला. ती नळ्यांची अडचण एका मिनिटाच्या आत संपली. पण तेवढ्यात दांडा मागे ओढला गेला होता. विमान जवळपास ३८,००० फुटांपर्यंत चढलं, स्टॉल झालं आणि तिथून पाण्यापर्यंत स्टॉलमध्येच राहिलं. ऑटोपायलट सुटल्यापासून शेवटपर्यंत साडेचार मिनिटांहून थोडा कमी वेळ. २२८ जण गेले.

त्या रात्रीचा एक तपशील मला कायम अस्वस्थ करतो. मोजलेला वेग ६० नॉटच्या खाली गेला की संगणक कोनाचं माप अवैध धरायचा आणि स्टॉलची सूचना बंद व्हायची. दांडा पुढे केला की वेग थोडा वाढायचा आणि सूचना पुन्हा वाजायला लागायची. म्हणजे बरोबर कृती केली की यंत्र ओरडायचं आणि चुकीची केली की गप्प बसायचं. काळोखात, ढगांत, क्षितिज दिसत नसताना माणसाने यातून काय समजायचं?

त्याच वर्षी १२ फेब्रुवारीला अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचं ३४०७ क्रमांकाचं विमान उतरण्याच्या तयारीत होतं. वेग घटत गेला, दांडा थरथरवून सावध करणारी यंत्रणा सुरू झाली आणि कॅप्टनने दांडा पुढे देण्याऐवजी ओढला. दांडा आपणहून पुढे ढकलणारी यंत्रणाही जागी झाली. तिलाही विरोध झाला. विमानातले ४९ आणि खालच्या घरातला एक, असे ५० जण गेले.

या लोकांना उडवता येत नव्हतं असं म्हणणं सोपं आहे, पण ते अर्धवट आहे. त्या काळातल्या स्टॉलच्या सरावात 'उंची कमीत कमी गमवा' यावर भर असायचा. परीक्षकासमोर नाक धरून ठेवायचं, इंजिनाचा जोर द्यायचा आणि निसटायचं. जे शेकडो तास गिरवून घेतलं तेच हातांनी केलं. या अपघातांनंतर शिकवण बदलली. आता पहिली कृती कोन कमी करणं, उंची किती जाते ते नंतर. पायलटना विमान बेताल अवस्थेतून सावरायचं खास प्रशिक्षण देणं जगभरात आलं. त्यासाठी इतके जीव जावे लागले, हे खटकतं.

मोठ्या विमानातही हेच चार उपाय का नाहीत?

प्रवासी विमानाला स्पिनमधून सावरून दाखवण्याची अटच नसते. ते तिथवर जाऊच नये अशी सारी रचना असते. त्यामुळे तिथे शिकवतात ते आधीची पायरी ओळखायला. नाक २५ अंशांपेक्षा जास्त वर, १० अंशांपेक्षा जास्त खाली, किंवा विमान ४५ अंशांहून जास्त कललेलं, असं काहीही नकळत झालं की ते बेताल अवस्थेत गेलं असं धरायचं आणि लगेच कामाला लागायचं.

इथे स्पिनपेक्षा वेगळा शत्रू जास्त भेटतो. त्याला स्पायरल म्हणतात. विमान कलून नाक खाली टाकतं आणि गोल जिन्यावरून उतरावं तसं खाली जातं. बाहेरून दोन्ही सारखेच वाटतात, पण स्पायरलमध्ये पंख नीट उडत असतात आणि वेग झपाट्याने वाढतो. ओळखायची खूण तीच, वेगाचा काटा. उपायही वेगळा. जोर कमी करा, आधी पंख समतल करा आणि मगच नाक वर घ्या. कललेल्या अवस्थेत नुसता दांडा ओढला तर जिना आणखी अरुंद होतो.

कानातल्या द्रवाने यात भर पडते. एकाच दिशेने थोडा वेळ फिरत राहिलं की तो द्रव स्थिरावतो आणि मेंदूला वाटतं आपण सरळ आहोत. ढगात असताना शरीर सांगेल ते खोटं आणि उपकरण सांगेल ते खरं, हे स्वीकारायला वर्षांचा सराव लागतो. १९ फेब्रुवारी १९८५ रोजी चायना एअरलाइन्सच्या ००६ क्रमांकाच्या बोइंग ७४७ मध्ये ४१,००० फुटांवर एक इंजिन बंद पडलं. वेग घटत गेला, विमान उजवीकडे उलटलं आणि ढगांतून कोसळत सुटलं. उपकरणावरचं क्षितिज इतकं विचित्र झालं होतं की ते बिघडलंय असंच कॅप्टनला वाटलं. अडीच मिनिटांच्या आसपास, सुमारे ३०,००० फूट. ११,००० फुटांच्या जवळपास विमान ढगांखाली आलं, खरं क्षितिज दिसलं आणि त्यांनी ते सावरलं. शेपटाचे तुकडे उडाले होते, तरी ते सॅन फ्रान्सिस्कोला उतरलं. कोणी दगावलं नाही.

आणि रडर? ते छोट्या विमानात तारणहार असलं तरी मोठ्या विमानात ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आपटायचं नसतं. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कहून निघालेल्या एअरबस ए३०० ने पुढच्या विमानाने घुसळलेल्या हवेत धक्के खाल्ले, तेव्हा सहवैमानिकाने पेडलं आलटून पालटून पूर्ण दाबली. शेपटाचा उभा पंखच निखळला. २६५ जण गेले.

हात सोडून दिले तर?

हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. काही प्रशिक्षण विमानं थ्रॉटल मागे घेऊन दांडा सोडला तर आपणहून सावरतात. सगळी नाही, आणि भरवसा ठेवावा इतकी तर नाहीच.

२ फेब्रुवारी १९७० रोजी अमेरिकेत मोंटाना राज्यावर एफ-१०६ जातीचं लढाऊ विमान सरावात फ्लॅट स्पिनमध्ये गेलं. पायलटने माहीत होतं ते सगळं केलं, शेवटी आसनासकट बाहेर उडी घेतली. आसनाचा धक्का आणि बदललेला तोल यांनी विमान गिरकीतून सुटलं, सरळ झालं आणि रिकामंच बर्फाच्छादित शेतात पोटावर उतरलं, इंजिन चालू ठेवून. ते दुरुस्त होऊन पुन्हा उडलं आणि आता डेटनच्या हवाई दलाच्या संग्रहालयात आहे.

काही छोट्या विमानांना आता संपूर्ण विमानासाठी पॅराशूट असतं. सिरस कंपनीची विमानं त्यासाठी ओळखली जातात. तिथे स्पिन झाला की रडर-दांड्याची कसरत करत बसायचं नाही, मूठ ओढायची, असंच कंपनी सांगते. मला हा प्रामाणिक उपाय वाटतो.

मग सगळ्यांना स्पिन का शिकवत नाहीत?

अमेरिकेत १९४९ पर्यंत खासगी पायलटच्या परवान्यासाठी स्पिन करून दाखवावा लागे. त्या वर्षी ती अट काढली. भर स्पिन टाळण्यावर द्यावा, असा विचार त्यामागे होता. प्रशिक्षक होणाऱ्यांना मात्र अजूनही तो शिकावा लागतो. यावर तेव्हापासून वाद चालू आहे.

माझं मत दोन्हीकडे थोडं थोडं झुकतं. ज्याने एकदा जमीन फिरताना पाहिली आहे, त्याचे हात त्या दिवशी गोठणार नाहीत. पण खरे स्पिन होतात तिथे सावरायला उंचीच नसते.

धावपट्टीकडे शेवटचं वळण घेताना छोटं विमान जमिनीपासून जेमतेम पाचशे फुटांवर असतं. मागून वारा आहे. वळण उशिरा सुरू झालं, धावपट्टीची रेघ डाव्या पंखाखालून निसटायला लागली. जमिनीजवळ आणखी कलायची भीती वाटते म्हणून पायलट कलत नाही, डाव्या पेडलने नाक ओढून घेतो. नाक खाली जातं, म्हणून दांडा थोडा मागे. विमान जास्तच कलायला लागलं, म्हणून एलरॉन उलट्या बाजूला. एकेक दुरुस्ती छोटी आणि समजण्यासारखी. पण आता कोन वाढलेला आहे, नाक एका बाजूला फिरतंय आणि एलरॉन खालच्या पंखाचा कोन आणखी वाढवतंय. स्पिनला हवं ते सगळं जुळून आलेलं आहे. आतला पंख निसटला तर पहिल्या फेरीतच सगळी उंची संपेल.

या वळणावर चारही कृती तोंडपाठ असून उपयोग नाही. तिथे उपाय त्याच्या आधीच्या तीन सेकंदांत आहे. रेघ निसटतेय असं दिसताच पंख समतल करायचे, थ्रॉटल पूर्ण पुढे द्यायचं, उतरायचं नाही असं रेडिओवर सांगायचं आणि एक फेरी मारून परत यायचं. दुसऱ्या वेळी वळण थोडं लवकर सुरू करायचं, आणि धावपट्टीची ती पांढरी रेघ काचेच्या मधोमध येईपर्यंत पेडलावर पाय हलका ठेवायचा.